वेगचाचणी उत्तम, तरी खेळ अडखळतो

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी कराडला राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे व सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. दुपारी ‘व्हॅलोरंट’ हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळताना पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो; रात्री नऊनंतर मात्र तो १५० ते २०० वर जातो, पडद्यावरचे पात्र जागीच थिजते आणि सामना अर्धवट सुटल्याचा दंड मलाच बसतो. केबलवाल्या काकांना फोन केला की ते माणूस पाठवतात. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो, १९० चा आकडा दाखवतो आणि ‘लाइन ओके आहे’ म्हणून निघून जातो. धाकट्या भावाच्या प्लेस्टेशनवर ‘नॅट टाइप ३’ असे दिसते व मित्रांच्या गटात त्याचा आवाज पोहोचत नाही. बाबा म्हणतात, काका ओळखीचे आहेत, गेमसाठी त्यांच्याशी वाद नको. मी काय करावे?

प्रिय वाचक,

तुमची तक्रार खरी आहे, आणि तुमच्याकडे येणारा तो माणूसही खोटे बोलत नसावा. तो जे मोजतो ते तुमच्या खेळाला लागत नाही आणि तुमच्या खेळाला जे लागते ते तो मोजत नाही, एवढ्यावरच तुमचा सगळा वाद अडला आहे. स्पीड टेस्ट काही सेकंदांत किती माहिती ओढता आली ते सांगते. त्यासाठी ती बहुधा जवळचा सर्व्हर आपोआप निवडते, आणि हा सर्व्हर पुष्कळदा पुरवठादाराच्या स्वतःच्या जाळ्यात किंवा त्याला थेट जोडलेला असतो. गर्दी त्या जाळ्याच्या पलीकडे असेल, तर चाचणीला ती कधी भेटतच नाही. खेळाचे तसे नाही. अशा खेळाला सहसा १ एमबीपीएसही पुरतो. पण ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर एका सेकंदात १२८ वेळा, म्हणजे साधारण दर ७.८ मिलिसेकंदांनी, मैदानाची स्थिती नव्याने मांडतो, आणि तुमच्याकडून निघालेली माहितीची छोटी छोटी पुडकी, म्हणजे पॅकेट, त्याच्यापर्यंत वेळेवर, एकसारख्या अंतराने आणि न हरवता पोहोचावी लागतात. म्हणून कोणी ‘३०० चा प्लॅन घ्या, सगळे सुटेल’ असे सुचवले, तर तूर्त तो खर्च करू नका.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा आकडा दुपारच्या २५ चा आहे. कराड ते मुंबई हे अंतर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्याला खरे तर तीन मिलिसेकंदच लागतील. उरलेला वेळ वाटेतली उपकरणे आणि वळसे घेतात. त्या हिशेबाने २५ हा चांगला आकडा आहे. तुमचा संगणक, खेळाची मांडणी आणि घरापर्यंत आलेली फायबर यांत मोठा दोष असता, तर तो दुपारीही दिसला असता. दोष रात्री उगवतो, त्यामुळे रात्री काय बदलते ते शोधायचे आहे.

त्याआधी एक साधी खात्री करून घ्या. सामना शोधण्यापूर्वी खेळात सर्व्हर निवडण्याची सोय असते आणि प्रत्येक सर्व्हरपुढे त्याचा पिंग दिसतो. रात्री मित्रांचा गट जमतो तेव्हा कोणी मुंबईबरोबर सिंगापूरही निवडून ठेवलेले नाही ना, ते पाहा. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतरच ३,९०० किलोमीटरच्या जवळपास आहे. तिथे जाऊन येण्याला प्रकाशालाच चाळीस मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षातला आकडा बराच वाढतो. तो वाढीव वेळ कोणताही पुरवठादार कमी करू शकणार नाही.

आता घराकडे वळू, कारण तक्रार केली की कंपनीचे पहिले बोट तिकडेच जाणार आहे. संगणक वायफायवर असेल, तर ओएनटीच्या, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्या डब्याच्या, लॅन पोर्टला तो केबलने जोडा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. रात्री आसपासच्या घरांतले सगळे राउटर त्याच तिघांत दाटी करतात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बरा, पण तो भिंतींना दबतो. भिंतीच्या कडेने नेलेली कॅट ६ केबल काही शे रुपयांत मिळते, आणि या सबंध प्रकरणात मी निःशंकपणे करायला सांगेन असा खर्च तेवढाच. खेळ पुढेही वायफायवर चालला तरी तक्रारीसाठीचे प्रत्येक मोजमाप मात्र केबलवरच घ्या, नाहीतर तुमचा पुरावा पहिल्याच फोनवर निकालात निघेल.

घरातला दुसरा संशयित रात्रीच जागा होतो. जेवणे आटोपली की दिवाणखान्यात टीव्हीवर मालिका सुरू होते, कोणाचा व्हिडिओ कॉल चालू असतो, आणि घरातले मोबाइल दिवसभराचे फोटो व चित्रफिती न विचारता क्लाउडवर चढवू लागतात. अपलोडची वाट भरली की राउटर पॅकेट टाकून देत नाही. ती रांगेत उभी करत राहतो आणि रांग लांबत जाते. रेशनच्या दुकानात हातात केवळ एक चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला पोती उचलणाऱ्यांच्या मागे ताटकळावे लागते, तशी तुमच्या खेळाची इवलीशी पॅकेट त्या फोटोंच्या मागे अडकतात. तपासण्याची रीत सोपी आहे. संगणकावर सतत पिंग चालू ठेवा आणि भावाला मोबाइलवरून एखादी मोठी चित्रफीत अपलोड करायला सांगा. त्याच क्षणी आकडा २५ वरून दोनशेकडे उसळला आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर गुन्हेगार घरातच आहे आणि काकांना दोष देता येणार नाही. अशा वेळी मोबाइलचा बॅकअप मध्यरात्रीनंतर ठेवणे हा बिनपैशाचा उपाय आहे. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवण्याची, सोय असेल, तर वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधणे हा पक्का उपाय, कंपनीने दिलेल्या डब्यांत ती सोय सहसा नसते, ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये असते.

घर निर्दोष ठरले, तर पुढचे मोजमाप जरा चिकाटीने करावे लागेल. रात्री साडेनऊच्या सुमारास संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. पहिलीत तुमच्या स्वतःच्या राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि डब्याच्या मागच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. दुसरीत पुरवठादाराच्या जाळ्यातल्या पहिल्या टप्प्याला पिंग करा. ट्रेसरूट (पॅकेट वाटेत कोणकोणत्या टप्प्यांतून जाते ते दाखवणारी आज्ञा) चालवले की तुमच्या राउटरच्या लगेच खाली जो पत्ता दिसतो तो हा टप्पा. तिसरीत १.१.१.१ सारख्या बाहेरच्या सार्वजनिक पत्त्याला करा. विंडोज एरवी चार पिंग पाठवून थांबते, म्हणून सतत चालू राहणारा पर्याय निवडा आणि तिन्ही खिडक्या अर्धा तास तरी एकाच वेळी चालू द्या. पहिलीतच आकडे उड्या मारत असतील, तर बिघाड घरात आहे. पहिली शांत राहून दुसरी बिघडली, तर तुमच्या घरापासून काकांची यंत्रे असलेल्या खोलीपर्यंतच्या वाटेत काहीतरी आहे. पहिल्या दोन्ही शांत आणि फक्त तिसरी बिघडते, असे झाले तर दोष काकांच्याही पलीकडे, ते ज्या कंपनीकडून बँडविड्थ घेतात तिच्याकडे आहे. हेच मोजमाप सकाळी आणि दुपारीही घ्या, पडदाचित्रे (स्क्रीनशॉट) तारीख-वेळ दिसेल अशी जपून ठेवा, आणि खेळाच्या सेटिंगमधले पिंगचे व पॅकेट लॉसचे, म्हणजे वाटेत हरवलेल्या पॅकेटांचे, आलेखही चालू ठेवून त्यांचीही चित्रे घ्या.

इथे एका चुकीपासून सावध करतो, कारण तिच्यामुळे चांगल्या तक्रारी फुकट जातात. ट्रेसरूट किंवा ‘विनएमटीआर’ हे तसलेच साधन चालवल्यावर मधल्या एखाद्या टप्प्यापुढे ४० किंवा ६० टक्के लॉस दिसला, की पुष्कळ जण तेवढे चित्र कंपनीला पाठवतात. मोठी राउटर उपकरणे स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देण्याचे काम मुद्दाम मागे ठेवतात. पुढे जाणारी वाहतूक मात्र ती बिनचूक पाठवत असतात. मधल्या टप्प्यावर लॉस आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, असे असेल तर तिथे काहीही बिघडलेले नाही. ज्या टप्प्यापासून लॉस सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो, तोच टप्पा संशयास्पद. हा फरक तुम्हाला माहीत आहे असे तक्रारीत दिसले, की समोरचा अभियंता तुमचे पत्र वेगळ्या नजरेने वाचतो.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज दुसऱ्या किंवा तिसऱ्या खिडकीवर आहे. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या, पद्धतीच्या असतात. तीत चालकाच्या यंत्रावरील एका पोर्टचे सुमारे २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड हे ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाते. प्रत्येकाला २०० देण्याचे वचन आणि सगळे एकाच वेळी घरी, मग हिशेब कसा जुळणार? सगळे एकदम वापरत नाहीत या भरवशावर हा व्यवसाय चालतो आणि तो भरवसा एरवी रास्तही असतो. परंतु रात्री आठ ते अकरा, त्यातही आयपीएलच्या दिवसांत, तो कोसळतो. हीच कथा पुढे शहराबाहेर जाणाऱ्या वाटेची: ग्राहक वाढतात आणि विकत घेतलेली बँडविड्थ तेवढीच राहते. कधी वाट भरलेली नसते, ती उलटी असते. देशातली वाहतूक देशातच फिरावी म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही पुरवठादारांची जाळी एकमेकांना जोडून देणारी संस्था स्थापन झाली आणि आज मुंबईत अनेक जाळी एकमेकांना भेटतात, तरीही एखादा पुरवठादार मुंबईच्या सर्व्हरकडे जाणारी पॅकेट चेन्नईमार्गे फिरवतो. ट्रेसरूटमधल्या नावांत पुष्कळदा शहरांची आद्याक्षरे असतात, त्यांवरून हे ओळखता येते.

ओएनटीवर येणाऱ्या प्रकाशाची पातळीही एकदा विचारून घ्या. प्रचलित जीपॉन उपकरणे साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण) प्रकाश वाचू शकतात, त्यामुळे आकडा उणे २५-२६ असेल तर जोड पुन्हा करून मागावा. तशी फायबर दिवसाही त्रास देते आणि पावसाळ्यात अधिक देते, म्हणून तुमच्या रात्रीच्या दुखण्याचे हे मूळ असण्याची शक्यता मला कमी वाटते.

भावाच्या प्लेस्टेशनचा प्रश्न वेगळा आहे; तो या तक्रारीत मिसळू नका. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आले आहेत. त्यांचे शेवटचे मोकळे गट २०११ च्या फेब्रुवारीतच वाटले गेले. म्हणून पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. संकेतस्थळे पाहताना त्याने काही अडत नाही, पण मित्रांची यंत्रे एकमेकांशी थेट जोडू पाहतात तेव्हा बाहेरून येणारी हाक तुमच्या घरापर्यंत पोहोचत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डब्ल्यूएएन पत्ता, म्हणजे राउटरला पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात आणि राउटरमध्ये बाहेरून येणाऱ्या हाकेसाठी कितीही पोर्ट (दारे) उघडले तरी उपयोग होणार नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. त्याला वेगळे शुल्क पडते. ते किती हे आधी लेखी विचारा. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू करता येते का तेही विचारा, काही खेळांना तेवढ्याने मोकळी वाट मिळते. कंपनीच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल, तर कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पॅकेट नुसती पुढे सोडण्याच्या स्थितीत, टाकून घ्या. एकामागे एक दोन नॅट, म्हणजे पत्ता बदलून देण्याचे दोन टप्पे, झाल्यानेही नेमका हाच ‘टाइप ३’ येतो.

डीएनएस बदलल्याने पिंग उतरतो असे सांगणारे अनेक भेटतील. डीएनएसचे काम नावाचा पत्ता शोधून देण्यापुरते; सामना सुरू झाल्यावर त्याचा संबंध उरत नाही. पिंग कमी करून देणारी सशुल्क ॲपे पॅकेट वेगळ्या वाटेने नेतात. वाट उलटी असेल तर त्यांनी फरक पडू शकतो, म्हणून मोफत मुदत मिळत असेल तर रात्रीच्याच वेळी पारखून पाहा. तुमच्या घरापासून काकांच्या खोलीपर्यंतची वाटच भरलेली असेल, तर ती ॲपेही त्याच गर्दीत अडकणार.

आता बाबांविषयी. ओळखीच्या माणसाशी कटुता नको ही त्यांची भावना मला मनापासून समजते. गावात वायर तुटली तर रविवारी संध्याकाळीही शिडी घेऊन येणारा तोच माणूस असतो, आणि मोठ्या कंपनीच्या ग्राहकसेवेत ती आपुलकी मिळत नाही. पण जपायचे ते नाते आहे, बिघाड नव्हे. काकांना तीन खिडक्यांची चित्रे शांतपणे दाखवा आणि विचारा की रात्री यात काय करता येईल. स्थानिक चालक पुष्कळदा स्वतःच अडकलेला असतो. वरून मिळणारी बँडविड्थ अपुरी आहे हे त्याला ठाऊक असते, परंतु ग्राहकांकडून लेखी काही आल्याशिवाय त्याला कंपनीकडे मागण्याला बळ मिळत नाही. तुमची नोंद त्याच्या उपयोगाची ठरू शकते. दुसऱ्या पोर्टवर हलवणे त्याच्या हातात असेल, तर एका भेटीतही काम होईल.

‘गेमसाठी’ या शब्दाने मात्र खजील होऊ नका. त्याच पॅकेट लॉसने उद्या तुमची ऑनलाइन मुलाखत तुटेल, त्याच लॉसने बाबांचा व्हिडिओ कॉल अडखळत असेल. आणि खेळासाठीच म्हणाल, तरी पैसे भरून घेतलेली सेवा कशासाठी वापरायची हे ग्राहक ठरवतो. बाबांच्या मनात ऑनलाइन गेम म्हणजे पैसे लावण्याचे खेळ असे असेल, तर त्यांना सांगा की २०२५ च्या कायद्याने तशा खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे मानले. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तर ई-स्पोर्ट्सला पदके होती. तक्रारीत खेळाचे नाव लपवण्याची गरज नाही, पण तिचा कणा मोजमापांचा असू द्या.

काकांच्या पातळीवर न सुटल्यास बिल काढा आणि त्यावर परवानाधारक कंपनी कोणती आहे ते पाहा. स्थानिक चालक तिचा प्रतिनिधी असतो, ग्राहकाला सेवा देण्याची जबाबदारी मात्र तिचीच. तिच्या तक्रार केंद्राकडे ईमेलने लिहा, साधारण असे: ‘अमुक ते अमुक तारखांना रात्री ९ ते ११ या वेळेत, ओएनटीला लॅन केबलने जोडलेल्या संगणकावरून मोजले असता माझ्या राउटरपर्यंतचा प्रतिसाद स्थिर आहे, परंतु आपल्या जाळ्यातील पहिल्या टप्प्यापासून प्रतिसादवेळ इतकी वाढते व इतके टक्के पॅकेट हरवतात, दुपारी हाच प्रतिसाद २५ मिलिसेकंद आहे. वेगचाचणीचा निकाल या तक्रारीचे उत्तर होऊ शकत नाही. पोर्टवरील भार व मार्ग तपासून लेखी कळवावे.’ तक्रार क्रमांक मिळवल्याशिवाय थांबू नका. सेवेच्या दर्जात वेगाखेरीज प्रतिसादवेळ आणि पॅकेट लॉसही मोजले जातात हे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, आपल्या नियमांत मान्य केलेले आहे. २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीतही पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत असावा असे होते, आणि २०२४ ची नवी नियमावली त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. हे मापदंड कंपनीच्या जाळ्यासाठी आहेत, तुमच्या वायफायसाठी नाहीत, म्हणूनच वर केबलचा एवढा आग्रह धरला.

उत्तर असमाधानकारक असेल, तर २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि निकालाची मुदत ३९ दिवसांची आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र धाडून वाट पाहू नका. पुढचे दार दूरसंचार विभागाच्या सार्वजनिक तक्रार कक्षाचे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे, आणि अगदी शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. रात्रीच्या पिंगसाठी आयोगापर्यंत जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही. बहुतेक प्रकरणे अपिलाच्या उल्लेखानेच हलतात.

आणि तरीही काही हलले नाही, तर पुरवठादार बदला. मोबाइल क्रमांकासारखी पोर्टेबिलिटी इथे नाही, नवे कनेक्शनच घ्यावे लागते. म्हणून पहिले चालू असतानाच, तुमच्याच गल्लीत दुसऱ्या पुरवठादाराची जोडणी असलेल्या एखाद्या घरी रात्री साडेनऊला लॅपटॉप नेऊन हेच तिसऱ्या खिडकीचे मोजमाप करून पाहा. नवे घेताना सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे भरू नका. पहिले दोन-तीन महिने मासिक प्लॅनवरच राहा, सार्वजनिक आयपी मिळतो का ते आधी ठरवा. जुने बंद करताना उरलेल्या महिन्यांच्या रकमेची मागणी लेखी करा, आणि ओएनटी परत दिल्याची सही-तारखेची पावती घेतल्याशिवाय तो डबा हातचा सोडू नका.